मामांचा बंदोबस्त

किल्ली फिरवली, तर आतून नुसतं टक् झालं. अमोलिक सरांनी पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. समोरचे लाल-पिवळे दिवे सगळे लागले होते, म्हणजे बॅटरीत जीव होता. पण इंजिन मात्र शेवटच्या बाकावरच्या पोरासारखं, नाव पुकारल्यावर उभं राहतं आणि बोलत काही नाही. सरांना आधी आनंद झाला. हे त्यांना नंतर कबूल करावं लागलं, निदान स्वतःशी. येत्या रविवारी सासूबाईंना, एस्तेरबाईंना ऐंशी वर्षं पुरी होत होती, बेलापूरला मेव्हण्याच्या घरी उपकारस्तुतीची उपासना ठेवली होती, आणि बायकोनं, रोझीनं, महिनाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं, की यंदा एसटी नाही. यंदा आपण आपल्या गाडीनं जाणार आणि ती तुम्ही चालवणार. आता गाडीच बंद पडली तर माणूस काय करणार? सरांचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याचा आवाज रोझीला गेला की काय असं वाटून त्यांनी वर खिडकीकडं पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. रोझी दवाखान्यात सिस्टर होती. सकाळी सातला मोबाईल लॉकरमध्ये ठेवून ती वॉर्डात शिरायची, ती चार वाजताच बाहेर पडायची.

बॉनेट उघडायचा खटका सापडायला जरा वेळ लागला. उघडलं आणि सर दोन पावलं मागं सरले. इंजिनाच्या डोक्यावर एक नीटनेटकं घर होतं. खाली स्पंजाची गादी, तिच्यावर मरून रंगाची लोकर (म्हणजे रोझीचा दिवाळीपासून हरवलेला स्वेटर तो हा), भिंतींना चर्चमधल्या मंडळीच्या रविवारच्या पत्रकाचे बारीक तुकडे, आणि अंगणात भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. घराच्या आजूबाजूच्या वायरी सोललेल्या होत्या, आतली तांब्याची तार उघडी पडून चमकत होती. दोन शेपट्या घाईनं खाली उतरल्या. "अरेच्चा, मामा!" सर मोठ्यानं म्हणाले. त्या प्राण्याला दुसरं नाव त्यांनी घरात कधी घेतलंच नव्हतं. सोनईच्या घरात आई, लंकाबाई, घेऊच द्यायची नाही. नाव घेतलं की त्यांना कळतं, म्हणायची. मारायची भाषा केली की मुद्दाम नवं लुगडं शोधून कुरतडतात. म्हणायचं तर मामा म्हणायचं, आणि तेही प्रेमानं. एकदा पाद्रीसाहेबांनी तिला टोकलं होतं, की बाई, आपण ख्रिस्ती लोक, आपण असलं मानत नाही. ती म्हणाली, "नका मानू. तुमच्या झग्याला भोक पडलं की या माझ्याकडं, मी शिवून देईन." पुढच्याच महिन्यात झगा शिवायला आला. तेव्हापासून पाद्रीसाहेबही मामाच म्हणत. सर पदवीधर झाले, चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले, बायबल दोनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झालं. पण जीभ काही बाटली नाही. नगरच्या घरात रोझीनं आणि मुलीनं, शॅरननंही तोच शब्द उचलला. बाहेरच्या कुणाला तो सांगायची वेळच कधी आली नव्हती.

टरफलांकडं मात्र सरांना फार वेळ बघवेना. रोज संध्याकाळी "गाडीला एक चक्कर मारून येतो" म्हणून ते खाली उतरत. चक्कर वगैरे काही नसे. कव्हर अर्धं वर करून आत बसायचं, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, काचेतून कंपाउंडच्या भिंतीकडं बघायचं आणि खिशातल्या भाजलेल्या शेंगा खायच्या. मग बंद करून वर यायचं. रोझी विचारायची, "गर्दी होती का?" सर म्हणायचे, "होती थोडी." सहा वर्षांत ही गाडी कंपाउंडबाहेर किती वेळा गेली ते एका हाताच्या बोटांवर सांगता आलं असतं, आणि त्यातही अंगठा उरला असता. आता भिंतीकडं बघता बघता सर काय विचार करायचे, तर बहुतेक काहीच नाही. बसलेल्या गाडीत माणूस चालवणाऱ्यासारखा दिसतो, एवढंच ते सुख.

त्यांनी मेकॅनिकला फोन केला आणि मग, रविवारचं अवघड झालं हे पोरीला कळवावं म्हणून, घरच्या ग्रुपवर संदेश टाकला. ग्रुपमध्ये सर, रोझी, पुण्याची शॅरन आणि बेलापूरचा मेव्हणा अँड्र्यू. सर मोबाईलवरसुद्धा पूर्णविराम देऊन, अनुस्वार बघून लिहीत. त्यांनी लिहिलं: "शॅरन, मामांनी गाडीची पार वाट लावली आहे. आतून सगळे खाऊन ठेवले आहे. आपण आजवर गप्प बसलो, म्हणून ते माजले. रविवारचे आता कठीण दिसते. मामांचा कायमचा बंदोबस्त केल्याशिवाय गत्यंतर नाही." शॅरनचं उत्तर लगेच आलं. हसणारे चार चेहरे आणि खाली: "तंबाखूची पुडी ठेवा पप्पा, मामा जवळ फिरकायचे नाहीत." सरांना पोरीच्या व्यवहारज्ञानाचं कौतुक वाटलं.

मेकॅनिक ज्ञानेश्वर नागापूरच्या एमआयडीसीत गॅरेज चालवतो. नगरमध्ये चौतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला अनोळखी मेकॅनिक मिळणं कठीण; हाही दहावी 'ब'चा. त्यानं वाकून पाहिलं आणि शीळ घातली. "सर, ह्यांना ऊब बी दिली अन् जेवन बी. जात्याल कशाला? गाडी उभी ऱ्हायली का तिच्यात कुनीतरी ऱ्हायला येतंच." त्यानं चिमट्यानं घर अलगद उचलून बाजूला ठेवलं, सरांच्या तोंडाकडं न बघता टरफलं झटकली, आणि सोललेल्या वायरी एकेक कापून नव्या जोडायला घेतल्या. कापलेले तुकडे तो खाली टाकी आणि सर ते उचलून पिशवीत भरत. खडूचे तुकडे गोळा करायची सवय, दुसरं काय. तेवढ्यात मोबाईल वाजला. अँड्र्यूचं उत्तर होतं. नुसतं "बरं." अँड्र्यू म्हणजे सकाळी उगवता सूर्य, दुपारी बायबलमधलं वचन आणि रात्री गुलाबाची फुलं पाठवणारा माणूस, त्याच्याकडून एका शब्दाचं उत्तर सरांनी पहिल्यांदाच पाहिलं. आणि त्या शब्दाखाली करड्या अक्षरांत, कुणीच न लिहिलेली एक ओळ: अँड्र्यू पाटोळे यांनी ग्रुप सोडला.

सरांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. मग आपला संदेश वाचला. शुद्धलेखन बरोबर होतं. "ज्ञानेश्वर, जरा बघ रे, यात लागण्यासारखं काही आहे का?" ज्ञानेश्वरनं हात पँटला पुसले, मोबाईल लांब धरून वाचला, शॅरनचंही वाचलं. त्याचे ओठ हलत होते. "हे मामा कोन?" त्यानं विचारलं. सरांनी नुसतं कोपऱ्यातल्या घराकडं बोट दाखवलं. "आन् ग्रुप सोडला ते?" "तेही मामाच. मेव्हणे माझे. शॅरनचे मामा." ज्ञानेश्वरच्या हातातला पाना खाली पडला आणि तो मडगार्डला धरून हसायला लागला. "सर, सगळं बराब्बर हाय. पन ह्यात उंदीर कुठंय?"

सरांच्या कानात ऊन शिरल्यासारखं झालं. ज्ञानेश्वर डोळे पुसत म्हणत होता, "तुमीच शिकवलं हुतं ना सर, एक शब्द अन् दोन अर्थ? काय ते... श्लेष! बोर्डाला आल्ता. माझा सुटला हुता." सर मनात मामा या शब्दावर बोट ठेवून एकेक वाक्य वाचत गेले. मामांनी गाडीची वाट लावली. बरोबर, गाडी अँड्र्यूनंच दिलेली. आतून सगळे खाऊन ठेवले, म्हणजे पोकळ गाडी गळ्यात मारली. आपण गप्प बसलो म्हणून ते माजले. कायमचा बंदोबस्त. आणि तंबाखूची पुडी! गेल्या वर्षी तोंडात पांढरा चट्टा आला तेव्हा अँड्र्यूनं भर उपासनेत उभं राहून, रडत, तंबाखू सोडल्याची साक्ष दिली होती. त्याची भाची आता लिहीत होती, की पुडी ठेवा, मामा जवळ फिरकायचे नाहीत. इतका चोख श्लेष सरांना फळ्यावर कधी साधला नव्हता.

त्यांनी फोन लावला. तीनदा बेल वाजून वाजून थांबली. मध्ये घालायला अँड्र्यूची बायको असती, पण ती तीन वर्षांपूर्वी वारली होती. सासूबाईंना ऐकू येत नाही. चार वाजता रोझी लॉकर उघडेल, मोबाईल हातात घेईल आणि तिला दिसेल, की तिच्या एकुलत्या एका भावानं घर सोडावं तसा ग्रुप सोडला आहे. तिला खुलासा कळेल, ती हसेलही. पण अँड्र्यू पाटोळे एकदा रुसला की उंबऱ्यावर कुणी जाऊन उभं राहिल्याशिवाय उतरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. रविवारी ती आईच्या शेजारी बसेल आणि भाऊ पाठमोरा गाद्या टाकत राहील. रोझीचं माहेर म्हणजे आता तो एक माणूस आणि ती एक म्हातारी. पूर्णविरामांसकट ते मोडलं होतं.

"ज्ञानेश्वर, गाडी चालेल का?" "चालंल की. हॉर्नचा कपलर उद्या भेटंल, तवर हॉर्न न्हाई. आन् एक मामा अजून आत हाय वाटतं सर, मला शेपूट दिसली हुती." सरांनी दुसरं वाक्य ऐकलंच नाही. पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, तशी त्यांना आता पळवाट उरली नाही हे कळलं. "सर, मी येऊ का संगं?" "नको," सर म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाचं त्यांना नवल वाटलं.

विळदच्या घाटात एक म्हैस आडवी आली. सरांनी काच खाली करून, डोकं बाहेर काढून, दहावी 'ब'ला द्यायचे तो आवाज दिला. म्हैस बाजूला झाली. सरांना एकदम मोकळं वाटलं. राहुरीच्या अलीकडं मात्र उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं आला. त्यावर गाणी इतकी मोठ्यानं लावलेली, की हॉर्न असता तरी उपयोग नव्हता. ओलांडायची छाती होईना. मग सर त्याच्या मागं, उसाची पानं काचेवर घेत, बैलगाडीच्या वेगानं चालत राहिले, आणि करण्यासारखं दुसरं काहीच नसल्यामुळं ज्याच्याकडं सहा वर्षं बघितलं नव्हतं तिकडं त्यांना बघावं लागलं. संदेशातलं एकेक वाक्य लिहिताना इतकं झरझर कसं सुचलं? उंदरांचा इतका राग होता का? (शब्द मनात आला आणि सरांनी जीभ चावली.) अँड्र्यूनं त्यांना गाडी शिकवली ती बेलापूरच्या मोकळ्या रानात, सगळ्या पाहुण्यांच्या देखत. "क्लच, दाजी, क्लच!" असं तो ओरडत असताना सर थेट कडब्याच्या गंजीत शिरले होते. त्यानंतर लग्न असो, नाताळ असो, बाप्तिस्मा असो, जेवणं झाली की अँड्र्यू सुरू करायचा: आमचे दाजी गाडीला वैरण घालाय निघाले. लोक पोट धरून हसत. सर दात दाबून हसत. घरी आल्यावर रोझी म्हणे, किती छान सांगतो दादा, आणि सर कव्हर नीट करायला खाली जात. शेंगा तेव्हापासूनच्या.

पण त्या कडब्याच्या आधीचं काय? डेंग्यूनं सर नऊ दिवस दवाखान्यात पडून होते. अँड्र्यू रोज सकाळी दुकान उघडायचं सोडून बेलापूरहून येई, पपईच्या पानांचा रस भरलेली बाटली उशाशी ठेवी आणि खुर्चीत बसून राही. एवढा बोलका माणूस, पण तिथं एक शब्द बोलायचा नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "दाजी, मला नवी गाडी घ्यायचीय. ही ठिवायला माझ्याकडं जागा न्हाई. तुमी ठिवून घ्या, तेवढे उपकार करा." त्याच्या अंगणात दोन ट्रॅक्टर वळतील एवढी जागा होती. पुढं दोन वर्षं अँड्र्यू मोटारसायकलवर फिरत होता. नवी गाडी आली नाही. सरांना हे कळलं होतं, अगदी पहिल्या महिन्यात कळलं होतं, आणि कळल्याचं त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं. उपकार करणाऱ्याचा राग येतो. त्यासाठी कडब्याची गंजी हे निमित्त बरं पडतं. ट्रॅक्टर डावीकडं एका ढाब्याला वळला, समोर रस्ता मोकळा झाला आणि सरांना, वय वर्षं एकसष्ट, चष्म्याच्या आत पाणी आल्याचं जाणवलं. त्यांनी तिसरा गिअर टाकला. मग चौथा. चौथा सहा वर्षांत कधी लागलाच नव्हता. तो असतो हेच ते विसरले होते.

बेलापूरच्या बाजारात अँड्र्यूचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सरांनी गाडी बरोबर दारात उभी केली, म्हणजे एक चाक गटाराच्या फरशीवर होतं, पण उभी केली. अँड्र्यू गल्ल्यामागं बसला होता. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "या. बसा." दाजी म्हणाला नाही. सरांनी पिशवी उघडून कापलेल्या वायरी त्याच्यापुढं ओतल्या. "मामांनी खाल्ल्या," ते म्हणाले. अँड्र्यूचे कान लाल झाले. "आता दारात येऊन सुदीक?" "अहो, तुम्ही नाही! ते... मामा." सरांनी हातानं शेपूट दाखवली. बोटांनी मिशा दाखवल्या. दुकानातली दोन गिऱ्हाईकं बघायला लागली. लंकाबाई कुठूनतरी डोळे वटारत होती. सरांनी डोळे मिटले आणि भर बाजारात, चौतीस वर्षांच्या वर्गाच्या आवाजात ओरडले, "उंदीर! उंदीर, मामा, उंदीर! आमच्या घरात उंदरांना मामा म्हणतात!"

अँड्र्यूनं एक वायर उचलली, दातांच्या खुणा निरखल्या. "आन् तंबाखू?" त्यानं बारीक आवाजात विचारलं. "बॉनेटमध्ये ठेवतात. वास सहन होत नाही त्यांना." "लई लागलं हुतं मला ते," अँड्र्यू म्हणाला. "बाकी समदं गिळलं आसतं." इथं थांबता आलं असतं. सर थांबले नाहीत. "संदेशात उंदीरच होते," ते म्हणाले, "पण थोडे तुम्हीही होता, मामा. मला वाटेत कळलं. ती कडब्याची गोष्ट मला आवडत नाही. सहा वर्षं आवडत नाही. आणि गाडीला जागा नव्हती हे खोटं होतं, तेही मला ठाऊक आहे, आणि मी कधी... मी त्याबद्दल कधी काही बोललो नाही." शेवटचं वाक्य व्याकरणात बसलं नाही, सरांनी ते तसंच सोडून दिलं. अँड्र्यूनं हातातली वायर बोटाला गुंडाळली. "तुमी हसायचा," तो म्हणाला. "मला वाटायचं दाजींना आवडती, म्हनून दर वक्ताला सांगायचो. न्हाई तर मला काय, कडब्याची हौस हाय का?" आणि मग त्यानं एकदम मान वर करून दाराबाहेर पाहिलं. "दाजी, गाडी कुनी आनली?" "मी." "नगरहून?" "घाटातून." "ड्रायव्हर कुठंय?" "अहो, मीच." अँड्र्यू पाटोळे गल्ल्यावरून उठला, बाहेर गेला, गाडीभोवती एक फेरी मारली, फरशीवरच्या चाकाकडं दुर्लक्ष केलं आणि परत येऊन त्यानं सरांना मिठीत असं दाबलं, की चष्मा वाकडा झाला.

त्याच वेळी बॉनेटखालून, नगर ते बेलापूर फुकट प्रवास करून, तिसरी शेपटी उतरली. तिनं रस्त्याकडं पाहिलं, बाजाराकडं पाहिलं आणि सरळ दुकानात, रबरी पाइपांच्या भेंडोळ्यांमागं निघून गेली. दोघंही तिकडं बघत राहिले. सरांच्या खिशात फोन वाजला. चार वाजले होते. "दादानं ग्रुप का सोडला?" रोझी धापा टाकत होती. "त्याला मामा म्हणजे काय ते माहीत नाही, हे तुमच्या लक्षात कसं नाही आलं? मी आत्ताच्या आत्ता एसटीनं निघते." "नको," सर म्हणाले. "मी इथंच आहे. बेलापुरात." "कसे गेलात?" "गाडीनं." "कुणाच्या?" "आपल्या. मी चालवली." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आज खरंच चक्कर मारली म्हणायची," रोझी म्हणाली. सरांनी खिसा चाचपला. "तुला ठाऊक होतं?" "सहा वर्षं तुमच्या सदऱ्यांचे खिसे उलटे करून धुते आहे मी. टरफलं काय रस्त्यावर पिकतात? जपून या. नाही तर असं करा, दादाच्या इथंच राहा, मी शनिवारी येते." आणि ती हसली की रडली, ते सरांना शेवटपर्यंत कळलं नाही, दोन्हींत ती सारखाच आवाज करते.

रविवारी उपासनेनंतर जेवणं झाली, पानसुपारी झाली, पाहुणे सवयीनं अँड्र्यूकडं वळून बसले. त्यानं कडब्याची गोष्ट सांगितली नाही. त्यानं सांगितलं, की आमचे दाजी बिनहॉर्नची गाडी घेऊन, म्हशी हाकत, विळदचा घाट उतरून, भर बाजारात येऊन उंदीर म्हणून ओरडले. एस्तेरबाईंना ऐकू येत नव्हतं तरी त्या सगळ्यांत जास्त हसल्या. सरही हसले, आणि दात दाबायचे राहून गेले हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. सोमवारी ते नगरला परतले तेव्हा अँड्र्यू ग्रुपमध्ये परत आला होता आणि त्याचा संदेश येऊन पडला होता: "दाजींनी दुकानात दोन फॅनबेल्ट खाल्ले. लई माजलेत. पिंजरा लावलाय." सरांनी तो रोझीला मोठ्यानं वाचून दाखवला. मग ते खिशात शेंगा घेऊन खाली उतरले, गाडीचं कव्हर पूर्ण काढून घडी घालून डिकीत टाकलं आणि रोझी मागून चप्पल पायात सरकवत खाली येईपर्यंत इंजिन चालू ठेवून वाट बघत बसले.